लोखंड, आग आणि माती

सागवानी वाडा आगीला कसा बळी पडतो, हे १८२८ साली शनिवारवाड्याने दाखविले. दगडी जोती आणि तट तेवढे मागे उरले. म्हणून लाकडाच्या जागी लोखंड आले की आगीची भीती सरली, असे आपण सहज समजतो. या समजुतीपायी अमेरिकेतल्या एका शहराला काय भोगावे लागले, ती हकीकत आम्हांस आज सांगावयाची आहे.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शिकागोत आग लागली. घरे बहुतेक लाकडाची, पदपथही लाकडाचेच, आणि पाऊस कित्येक आठवडे नावापुरता. तिसऱ्या दिवशी आग विझली तेव्हा सुमारे ३०० माणसे दगावली होती आणि लाखभर लोक उघड्यावर आले होते. लाकूड जळाले यात नवल नाही. पण पेठेत बिडाच्या खांबांवर उभारलेल्या, अग्निरोधक म्हणून नावाजलेल्या इमारतीही कोसळल्या! लोखंड जळत नाही, हे खरे; पण ते तापले की नरमते. तापलेल्या बिडावर बंबाचे गार पाणी पडले तर ते तडकते. पोलादाचीही सहाशे अंशांच्या सुमारास निम्मी ताकद जाते, आणि भर पेटलेल्या खोलीत एवढी उष्णता सहज होते. लोहाराच्या भट्टीपाशी बसणाऱ्या पोराला जे ठाऊक असते, ते विद्वान स्थापत्यकारांना शहर जळाल्यावर उमगले.

मग पीटर वाइट प्रभृतींनी लोखंडाला भाजलेल्या मातीच्या पोकळ ठोकळ्यांचे चिलखत चढविले. आम्हांला यात मोठी गंमत वाटते: लोखंडाला तारले ते कुंभाराच्या मातीने. १८८५ साली जेनी याने तिथेच दहा मजल्यांची इमारत धातूच्या सांगाड्यावर उभी केली. वरच्या मजल्यांच्या तुळया पोलादाच्या होत्या. भार सांगाड्यावर गेल्याने भिंत केवळ आडोसा झाली.

या रचनेची खरी परीक्षा ७ फेब्रुवारी १९०४ रोजी बाल्टिमोर शहरात झाली. तीस तासांच्या आगीत सुमारे १,५०० इमारती गेल्या. सोळा मजली काँटिनेंटल ट्रस्टची इमारतही आतून जळाली. दारे, खिडक्या, कागदपत्रे, सामान, काही उरले नाही. सांगाडा मात्र मातीच्या चिलखतात उभा होता. मालकांनी इमारत पाडली नाही. त्याच सांगाड्यावर नवे मजले सजले, आणि माणसे पुन्हा कामाला येऊन बसली.