दीर्घकालीन सरासरी, हवामानाची (पनवेल)

एखाद्या स्थळाच्या पर्जन्य, तपमान, आर्द्रता इत्यादी घटकांच्या सलग अनेक वर्षांच्या, सामान्यतः तीस वर्षांच्या, नोंदींवरून काढलेले मध्यमान. प्रत्यक्ष मास वा ऋतू नेहमीच्या मानापासून किती ढळला, हे याच पायावर ठरविता येते.

मापन : पर्जन्यमापकात साठलेले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजून दप्तरी नोंदतात. मुदतीतला पाऊस सरासरीहून १९ टक्क्यांपर्यंत कमी-अधिक भरल्यास तो सामान्य आणि २० ते ५९ टक्के कमी भरल्यास तुटीचा मानतात. महसुली कारभारात मात्र मंडळात चोवीस तासांत ६५ मिमी.हून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टीची नोंद होते. ही मर्यादा राज्यभर एकच असल्याने, जुलैत ज्या पावसाचे पनवेलकरांस नवल वाटत नाही, तो माणदेशातल्या दुर्मिळ पावसाशी एकाच सदरात जमा होतो. हा भेद स्थानिक सरासरीच उघड करते.

स्थलभेद : एका अंगास खाडी व दुसऱ्या अंगास माथेरान-प्रबळगडाचे डोंगर असल्याने, नैर्ऋत्य मोसमी वारे पनवेल तालुक्यात चढणीस लागतात, म्हणून खाडीकाठचे मान डोंगरपायथ्यास लावणे सयुक्तिक नव्हे. शेजारच्या मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी. पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्यास अवघा ७३ मिमी. झाला होता.

कालखंड : १९३५ मध्ये वॉर्सा येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने १९०१–३० हा पहिला प्रमाण कालखंड मुक्रर केला. २०१५ पासून सरासरी दर दहा वर्षांनी नवी करण्याचा प्रघात पडला. परंतु पाया असा पुढे सरकत राहिल्यास बदललेले हवामानच हळूहळू 'नेहमीचे' ठरू लागते, म्हणून दीर्घ मुदतीच्या बदलाचे मोजमाप करण्याकरिता १९६१–९० हा कालखंड कायम ठेवला आहे. सरासरी नवी केली की तीवर बेतलेल्या तारखाही बदलतात : २०२० मध्ये भारतीय हवामानशास्त्र विभागाने मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली. तयार भात कापून खळ्यावर आणण्याचे दिवस ज्याला या तारखेवर बेतावे लागतात, त्या पनवेलच्या शेतकऱ्यास हे नऊ दिवस फार मोलाचे आहेत.

मर्यादा : १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबईच्या उभारणीत येथील भातखाचरे व खाजणे भरावाखाली गेली. पाऊस पूर्वीइतकाच पडला तरी तो मुरण्यास व पसरण्यास जागा उरली नाही, आणि पर्जन्याच्या सरासरीत या फरकाची नोंद कोठेच होत नाही. शिवाय महिन्याची सरासरी तंतोतंत गाठणारा पाऊस दोन दिवसांत पडला, तर गाढी नदीकाठच्या वस्तीला सरासरीचा दिलासा निरर्थक ठरतो. सबब गटारे, मोऱ्या व पूररेषा यांची आखणी सरासरीवर न करता कमाल पावसावरच केली पाहिजे. सरासरी भविष्याची हमी देत नाही, ती तुलनेचे माप पुरविते. आणि ते माप कोणत्या केंद्राचे व कोणत्या वर्षांचे, हे सांगितल्यावाचून केलेली कोणतीही तुलना ग्राह्य धरू नये.