फॉलो-अपची किंमत: एका तपासणीचा इतिहास

आज खेड तालुक्यातल्या या निघोजे गावात बोलायचंय ते स्तनाच्या कॅन्सरवरचे उपचार संपल्यानंतरच्या काळाबद्दल. ऑपरेशन झालं, किमो झाली, रेडिएशन झालं. पुढे उरतो तो फॉलो-अप. त्यालाही एक इतिहास आहे.

परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल २८ फेब्रुवारी १९४१ला सुरू झालं. त्या काळी फॉलो-अप म्हणजे डॉक्टरांनी हाताने तपासणं, फार तर एक्स-रे, आणि बाई काय सांगते ते ऐकणं. पुढे जगभर बोन स्कॅन, सोनोग्राफी, रक्तातले मार्कर आले. तर्क सरळ होता: आजार पसरल्याचं लवकर कळलं, तर आयुष्य वाढेल.

हा तर्क इटलीत पारखला गेला. १९९४ साली दोन अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात १३२० स्त्रिया, दुसऱ्यात १२४३. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन-दोन गट पाडले. एका गटाचे ठरावीक काळाने स्कॅन आणि एक्स-रे केले. दुसऱ्याला डॉक्टरांची तपासणी आणि मॅमोग्राफी एवढंच. दुसऱ्या अभ्यासात तर स्कॅनमुळे आजार लवकर सापडला. पण दोन्हीकडे मृत्यूंच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही!

असं का? हाडांत किंवा फुप्फुसात पसरलेला आजार औषधांनी आटोक्यात ठेवता येतो, पण बहुधा पूर्ण जात नाही. उलट त्याच स्तनात परतलेली किंवा दुसऱ्या स्तनात नव्याने आलेली गाठ वेळेत सापडली, तर ती बरी होऊ शकते. म्हणून वर्षातून एकदा मॅमोग्राफी आजही टिकून आहे. औषधं आता बदललीत, त्यामुळे स्कॅनचा प्रश्न पुन्हा अभ्यासला जातोय. पण त्रास नसताना सरसकट स्कॅन करावेत, असं आजही सांगितलं जात नाही.

आता आपल्याकडे या. कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्या बाईला मुंबईची एक खेप म्हणजे तिचा खाडा, सोबतच्या माणसाचा खाडा, गाडीभाडं. त्यावर स्कॅनचं बिल आलं, की ती पुढची तारीखच चुकवते. म्हणजे कमी उपयोगाच्या तपासणीपायी खरी उपयोगाची तपासणी बुडते.

तेव्हा डॉक्टरांना जरूर विचारा, "या तपासणीने माझे उपचार बदलणार आहेत का?" आणि नवी गाठ, न थांबणारं हाडांचं दुखणं, धाप असं काही जाणवलं, तर मात्र तारखेची वाट पाहू नका. तेव्हा स्कॅनचा खर्च वाया जात नाही.