झेनला एस्टीमचं इंजिन बसवलं, पण ब्रेकचं काय? हलक्या, ताकदवान जुन्या गाडीचे ब्रेक सुधारताना हे माहीत हवं

ईस्टर्न फ्रीवे ट्रॉम्बेच्या टेकडीखालच्या जुळ्या बोगद्यांतून जातो. दक्षिण मुंबईहून एकही सिग्नल न लागता आलेली गाडी बोगद्यातून बाहेर पडते आणि थोड्याच वेळात पांजरापोळच्या गर्दीत टँकर आणि बसच्या मागे उभी राहते. मोकळा रस्ता आणि लगेच गर्दी, अशा ठिकाणी गाडीच्या ब्रेकची खरी परीक्षा होते.

ही परीक्षा सर्वांत अवघड जाते ती इंजिन बदललेल्या जुन्या गाड्यांना. मारुती झेन १९९३ मध्ये आली. तिचं वजन साधारण ७५० किलो आणि ९९३ सीसी इंजिनाची ताकद जेमतेम ५० हॉर्सपॉवर. एस्टीमचं १.३ लिटर इंजिन सुझुकीच्याच घराण्यातलं आणि त्याच्या नंतरच्या आवृत्तीची ताकद ८५ हॉर्सपॉवर. त्यामुळे झेनमध्ये एस्टीमचं इंजिन हा शौकिनांचा जुना आवडता प्रयोग आहे. वजन फारसं वाढत नाही, ताकद मात्र दीडपटीहून जास्त होते. ब्रेक अनेकदा ५० हॉर्सपॉवरच्या गाडीचेच राहतात.

गाडी नेमकं कोण थांबवतं?

ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. पॅडल जोरात दाबल्यावर चाकं लॉक होत असतील, तर ब्रेकमध्ये एका थांब्यापुरती ताकद पुरेशी आहे. तिथून पुढे डिस्क कितीही मोठी लावली तरी थांबण्याचं अंतर कमी होत नाही. त्यासाठी चांगले टायरच लागतात. दहा वर्षं जुना, कडक झालेला टायर पावसाळ्यात महागड्या ब्रेकलाही हरवतो.

मग ब्रेक सुधारायचेच कशाला? कारण ताकदवान इंजिन गाडीला पुन्हा पुन्हा, झटपट वेगात आणतं. प्रत्येक वेळी तो वेग ब्रेकला उष्णतेत बदलावा लागतो.

उष्णतेचं गणित

८०० किलोची गाडी ताशी ८० किमी वेगात असताना तिच्यात सुमारे २०० किलोज्यूल ऊर्जा असते. ताशी १२० वर ती सुमारे ४४५ किलोज्यूल होते. वेग दीडपट, पण ऊर्जा सव्वादोन पट.

आता खंडाळ्याचा घाट घ्या. सुमारे ५०० मीटरची उतरण उतरताना हीच गाडी जवळपास ३,९०० किलोज्यूल ऊर्जा सोडते. म्हणजे ८० च्या वेगातून वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी. यातला काही भाग हवेचा रोध घेतो. खालच्या गिअरमध्ये उतरलं तर बराच भाग इंजिनही घेतं. उरलेली सगळी ऊर्जा डिस्क आणि ड्रममध्ये जाते.

पॅड फार तापले की त्यांची पकड सुटते. पॅडल घट्ट लागतं, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑइल उकळलं तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पॅडल सरळ खाली जातं. दुसरा प्रकार जास्त घातक, कारण त्याची पूर्वसूचना फारशी मिळत नाही.

सुरुवात स्वस्त गोष्टींपासून

*आधी दुरुस्ती.* कॅलिपरच्या जाम झालेल्या पिना, गळणारे व्हील सिलिंडर, फुगलेले रबरी होज आणि गंजलेल्या नळ्या आधी पाहाव्यात. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत नळ्या लवकर गंजतात. बऱ्याच गाड्यांचे 'कमजोर' ब्रेक एवढ्यानेच सुधारतात.

*ब्रेक ऑइल.* ते हवेतला ओलावा शोषतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरू शकतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. मुंबईच्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळायचं नाही.

*पॅड.* चांगल्या कंपनीचे, रस्त्यावर वापरायचे पॅड घ्यावेत. शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट पकडतात. मानखुर्दच्या ट्रॅफिकमध्ये थंड अवस्थेत ते मूळ पॅडपेक्षा कमी थांबवतात.

मोठी डिस्क लावायची तर

घाट किंवा ट्रॅक हा नेहमीचा वापर असेल, तर पुढे मधून हवा खेळणारी, म्हणजे व्हेंटिलेटेड डिस्क लावणं योग्य ठरतं. ती उष्णता लवकर सोडते. पण मोठी डिस्क आणि कॅलिपर १२ इंची रिमच्या आत मावतीलच असं नाही, म्हणून रिमही बदलावी लागू शकते.

मास्टर सिलिंडरचंही गणित आहे. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिमीवरून ५४ मिमीवर नेला, तर त्याचं क्षेत्रफळ सुमारे २७ टक्के वाढतं. पकड वाढते, पण ऑइलही तेवढंच जास्त लागतं. मास्टर सिलिंडर जुनाच राहिला तर पॅडल खोल जाऊ लागतं.

बूस्टरबद्दलही गैरसमज आहे. बूस्टरने पायाचा जोर कमी लागतो, पण ब्रेकची उष्णता सोसण्याची क्षमता वाढत नाही.

सर्वांत मोठी चूक: मागचे ब्रेक वाढवणं

ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकांवर येतं. छोट्या, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत उभ्या अवस्थेत पुढे साठ-बासष्ट टक्के वजन असतं. जोरदार ब्रेकिंगमध्ये ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातं. मागची चाकं तेव्हा जवळपास हलकी झालेली असतात.

अशा वेळी मागे डिस्क बसवून जोर वाढवला, तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. पुढची चाकं लॉक झाली तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ जाते. म्हणून पुढची चाकं नेहमी मागच्यांच्या आधी लॉक व्हायला हवीत. मूळ गाडीतला मागचा दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह काढून टाकू नये. हलक्या गाडीला मागचे ड्रम सहसा पुरतात, हँडब्रेकचा प्रश्नही येत नाही.

कुर्ल्यातून काय घ्यावं, काय घेऊ नये?

कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या स्पेअर पार्टसाठी प्रसिद्ध आहे. तिथून कॅलिपरची बॉडी किंवा ब्रॅकेट घेता येतं, पण सील, होज आणि पॅड नवेच घ्यावेत. जुनी डिस्क घेतलीच तर तिच्यावर कोरलेली किमान जाडी मोजून पाहावी, तडा असेल तर सोडून द्यावी. जुन्या पॅडच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेच्या दाबाने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलासाठी प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. इंजिन बदलण्याआधीच आरटीओत विचारावं. ट्रॉम्बेकरांसाठी ते वडाळ्याचं, एमएच-०३. न कळवलेल्या बदलांमुळे विम्याचा दावाही अडू शकतो. मूळ मापाचे चांगले पॅड, ऑइल आणि होज ही मात्र साधी देखभाल आहे.

काम झाल्यावर

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. मोकळ्या जागी ५०–६० च्या वेगातून १५ पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा हळूहळू ब्रेक लावावा आणि मध्ये थंड होऊ द्यावं. मग कमी वेगात जोरात ब्रेक मारून कोणती चाकं आधी लॉक होतात हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला पाहायला सांगावं. मागची आधी लॉक होत असतील, तर गाडी रस्त्यावर न आणता पुन्हा गॅरेजमध्येच न्यावी.