बंदुकीमागून आलेली लेखणी

बंगळूरहून होसूर ओलांडून दक्षिणेस गेले म्हणजे देंकणीकोट्टै, जवळगिरी, अंचेट्टी ही गावे लागतात. इंग्रजी शिकारकथांच्या वाचकास ती परिचित आहेत आणि याचे श्रेय बहुतांशी केनेथ अँडरसन या एका गृहस्थाकडे जाते. १९१० साली जन्मलेला हा स्कॉटिश वंशाचा माणूस बंगळुरातच शिकला, येथील विमान कारखान्यात नोकरीस राहिला, १९४७ नंतर भाऊबंदांसारखा विलायतेस गेला नाही आणि १९७४ मध्ये येथेच वारला.

सरकारी नोंदींप्रमाणे १९३९ ते १९६६ या काळात त्याने ७ नरभक्षक वाघ आणि ८ नरभक्षक बिबळे मारले. गुम्मलापूरच्या एकाच बिबळ्याने ४२ माणसे खाल्ली होती. तेथे सूर्यास्तानंतर घराचे दार उघडण्याची कोणाची छाती नव्हती. अशा वेळी धावून येणाऱ्यास केवळ हौशी शिकारी म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. मात्र त्याचा वाल्याचा वाल्मीकी एका रात्रीत झाला, असेही मानण्यास आधार नाही. बदल हळूहळू झाला. नरभक्षकाचा माग काढताना त्यास वारंवार आढळे, की जनावराच्या पंजात साळिंदराचा काटा तरी रुतलेला आहे, नाहीतर एखाद्या अर्धकच्च्या नेमबाजाची गोळी. गुन्ह्याचे मूळ पुष्कळदा माणसापाशीच निघे. १९५४ च्या पहिल्या पुस्तकापासून उत्तरकाळातील पुस्तकांपर्यंत वाचीत गेलो, तर मोटारीच्या दिव्यांत जनावरे टिपणाऱ्यांविषयीचा त्याचा संताप आणि ओस पडत चाललेल्या रानांचा विषाद वाढत गेलेला दिसतो.

ही विद्या त्यास दिली कोणी? पुजारी जमातीच्या बैराने. हा बैरा प्रथम भेटला तो चोरटी शिकार करताना! अँडरसनने ते ऋण मोकळेपणाने मान्य केले, ही गोष्ट त्या काळच्या साहेबास शोभून दिसणारी खरीच, पण विरळा.

पुढे पूर्णचंद्र तेजस्वी यांनी या कथा कन्नडात आणल्या. तेजस्वी स्वतः बंदूक बाळगणारे आणि पाखरांची छायाचित्रे काढणारे. त्यांच्या लेखणीतून अँडरसन कन्नड घराघरांत पोहोचला. होसूरकडील तरुणांनी त्याच्या नावे निसर्गसंस्था काढली आणि मेलगिरीच्या डोंगरांतील प्राण्यांच्या पाहण्या केल्या. तमिळनाडू शासनाने २०१४ मध्ये कावेरी उत्तर आणि २०२२ मध्ये कावेरी दक्षिण अशी दोन अभयारण्ये कृष्णगिरी व धर्मपुरी जिल्ह्यांत जाहीर केली. अँडरसनचे नाव संस्थेस मिळाले. बैराचे नाव अजून त्याच्या पुस्तकातच आहे.