पहिला कोण, मी की तो?

परवा तांदूळ घ्यायला मार्केट यार्डात गेलो होतो. तिथल्या भुसार बाजारात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा गाळा आहे. गेलो की तो पोत्यांच्या थप्पीशेजारी खुर्ची देतो, चहा मागवतो. त्या दिवशी त्याची मुलगी स्पॅनिशची वही घेऊन तिथे बसली होती. क्रियापद होतं 'कोम्प्रार', म्हणजे विकत घेणे. (गाळ्याला अगदी साजेसं!) शेवटचा 'आर' काढायचा, पुरुषाप्रमाणे प्रत्यय लावायचा, की झाला वर्तमानकाळ: कोम्प्रो, कोम्प्रास, कोम्प्रा, कोम्प्रामोस, कोम्प्राइस, कोम्प्रान. मी घेतो, तू घेतोस, तो घेतो; मग आम्ही, तुम्ही, ते.

मी म्हटलं, "अगं, हे तर संस्कृतचे भाऊबंद! वदसि, कोम्प्रास. वदामः, कोम्प्रामोस. वदन्ति, कोम्प्रान. शेपट्या जुळतात की नाही बघ. आणि त्यांचा 'तू'सुद्धा आपला तूच."

"पण आजोबा, संस्कृतात प्रथम पुरुष म्हणजे तो. इथे मी पहिला. असं का?"

मी कप खाली ठेवला. हा प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता, आणि विचारणारा समोर गल्ल्यावर बसला होता. १९८९ साली, आठवीत, सहामाहीच्या मराठीच्या पेपरात त्याने 'मी' हा उत्तम पुरुष लिहिला. मी लाल रेघ मारली. तो संस्कृतचं पुस्तक घेऊन आला तर "हा मराठीचा पेपर आहे" म्हणून परत पाठवला. खरं कारण हे, की मलाच उत्तर ठाऊक नव्हतं. नियम पाठ होता, त्याचा इतिहास नव्हता.

तो निवृत्तीनंतर वाचला. पाणिनीचा क्रम तो, तू, मी असा: प्रथम, मध्यम, उत्तम. इथे उत्तम म्हणजे श्रेष्ठ नव्हे, शेवटचा. ग्रीक आणि लॅटिन व्याकरणात मात्र बोलणारा पहिला, ऐकणारा दुसरा, ज्याच्याविषयी बोलायचं तो तिसरा. १४९२ साली आंतोनियो दे नेब्रिहा या लॅटिनच्या अध्यापकाने स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण लिहिलं, ते लॅटिनच्याच वळणाने. इंग्रजी व्याकरणंही त्याच वळणाची. आपल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ साली निघालं, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता. मराठी शाळेत पुढे रुळलं ते हेच: 'पुरुष' हा शब्द संस्कृतचा, पण मोजणी 'मी'पासून. म्हणजे या बाबतीत आपलं मराठी व्याकरण पाणिनीपेक्षा त्या मुलीच्या स्पॅनिश वहीच्या जवळचं!

हे सगळं मी तिला सांगितलं. मग तिच्या वडिलांकडे वळून म्हटलं, "उत्तर तुझं मराठीच्या पेपरात चूकच होतं. पण प्रश्न बरोबर होता. मी तो ऐकून घेतला नाही, ही चूक माझी."

तो हसला. म्हणाला, "सर, तो अर्धा मार्क अजून येणं आहे."

पस्तीस वर्षं त्याने तो खात्यावर मांडून ठेवला होता तर! तांदळाचे पैसे मात्र त्याने घेतले, दोनदा म्हटल्यावर.

असो. वर्गात हात वर करणारी इतरही मुलं होती. त्यातली किती मी अशी खाली बसवली, हे आता कोणाला विचारू?