रिकाम्या बाकांचा इतिहास



स्मरणिकेच्या समितीने मला फोन करून सांगितलं, "तू कॉम्प्युटरवाली, तुला माहिती काढता येते. एखाद्या जुन्या नामांकित शाळेच्या इतिहासावर लिही, आपल्या पोरांना प्रेरणा मिळेल." मी मुंबईची सेंट झेवियर्स हायस्कूल निवडली. लिहिता लिहिता लेख फिरून दुधनीला आला. तो का आला, ते शेवटी कळेल.

ही शाळा मी पहिल्यांदा पाहिली ती बाहेरूनच. सोलापुरात इंजिनिअरिंग संपवून मला फोर्टमध्ये पहिली नोकरी लागली होती. सुट्टी संपली की दुधनीहून पॅसेंजरने सोलापूर, तिथून रात्रीची सिद्धेश्वर आणि सकाळी सीएसटी. आमच्या टीममधले एक वरिष्ठ सहकारी झेवियर्सचे माजी विद्यार्थी होते. गावसकर आमच्या शाळेचा, हे वाक्य त्यांच्याकडून आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळायचं. ते खरंच आहे. 1966 साली देशातला सर्वोत्तम शालेय क्रिकेटपटू ठरला, तेव्हा सुनील गावसकर याच शाळेचा विद्यार्थी होता. एकदा त्या सहकाऱ्यांनीच मला धोबीतलावला नेऊन शाळा दाखवली.

शाळेची सुरुवात 1869 ची. म्हणजे आपल्या दुधनीवरून रायचूरकडे रेल्वे जाऊ लागली, त्याच्या एकदोन वर्षं आधीची. ती काढली जेझुइट पाद्र्यांनी. या संघाचा एक संस्थापक-सदस्य फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात उतरला होता. त्याचंच नाव शाळेला दिलं. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये सुरू झालं होतं आणि मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठच घेत असे. त्या परीक्षेसाठी मुलांना तयार करणाऱ्या शाळा शहराला हव्या होत्या. झेवियर्समध्ये कॅथलिक मुलांबरोबर हिंदू, पारशी, मुसलमान मुलंही शिकली. मुलंच फक्त. पिढ्यान्‌पिढ्या ती मुलग्यांची शाळा राहिली.

मुंबईतले हे पाद्री त्या काळी बहुतेक जर्मन होते. 1872 मध्ये बिस्मार्कच्या जर्मनीने जेझुइटांवर बंदी घातली. मायदेशात त्यांना घर राहिलं नाही, आणि अनेकांचं आयुष्य परदेशातच गेलं. इकडे मुंबईत आणि पुण्यात जर्मन जेझुइटांचं काम वाढत गेलं. 1886 मध्ये पुणे धर्मप्रांत झाला, त्याचा पहिला बिशपही जर्मन जेझुइटच होता. आपला सोलापूर जिल्हा कॅथलिक चर्चच्या नकाशावर याच पुणे धर्मप्रांतात येतो.

मग 1914 साली महायुद्ध पेटलं. जर्मनी इंग्रजांचा शत्रू ठरला आणि काल वर्गात शिकवणारे पाद्री सरकारच्या दृष्टीने एका रात्रीत शत्रूचे नागरिक झाले. काहींना अहमदनगरच्या छावणीत ठेवलं, पुढे बहुतेकांना देशाबाहेर पाठवलं. जेझुइट म्हणून जर्मनीने नाकारलेली ही माणसं जर्मन म्हणून हिंदुस्थानातूनही गेली. मुंबईचे जर्मन आर्चबिशप युर्गेन्स 1916 मध्ये वारले आणि ती जागाही तीन वर्षं रिकामी राहिली.

संस्थेचे शिक्षकच काढून घेतले तर ती बंदच पडायची. झेवियर्स बंद पडली नाही. इंग्लंडहून अल्बन गुडियर आले. पुढे 1919 मध्ये तेच आर्चबिशप झाले. स्वित्झर्लंड युद्धात नव्हतं, त्यामुळे स्विस पाद्री राहू शकले. कॉलेजात संस्कृत शिकवणारे झिमरमन आणि वनस्पतिशास्त्राचे ब्लॅटर हे दोघेही स्विस. पक्षितज्ज्ञ सालिम अलींना प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह करणारे ते हेच फादर ब्लॅटर. युद्धानंतर मुंबईचं काम स्पॅनिश जेझुइटांकडे आलं. इतिहास-संशोधक हेरास 1922 मध्ये आले ते त्याच ओघात. जर्मनांनी काढलेली संस्था अशी इंग्रज, स्विस, स्पॅनिश आणि इथल्याच माणसांनी चालवली. कोणाची खुर्ची रिकामी झाली आणि ती कोणी भरली, हे नावनिशीवार नोंदलेलं आहे, म्हणून शंभर वर्षांनी मी ते तुम्हाला सांगू शकते.

मग मुली कुठे होत्या? त्यांच्यासाठी वेगळ्या शाळा होत्या, त्या जोगिणींनी चालवलेल्या. जोगिणींच्या मठाला म्हणतात कॉन्व्हेंट. आपण लहानपणी सोलापूरच्या कोणत्याही इंग्रजी शाळेला 'कॉन्व्हेंट' म्हणायचो. खरं तर पाद्र्यांच्या शाळांना ते नाव लागूच पडत नाही. मुलींच्या शाळांचं नाव मराठीत सगळ्याच इंग्रजी शाळांना चिकटलं. मला याची गंमत वाटली, आणि तिथेच लेख दुधनीकडे वळला.

कारण आपली शाळा कागदावर मुलामुलींची होती. आठवीत खिडकीकडेला मुलींचे तीन बाक होते, एकेका बाकावर चौघी-पाचजणी. घरात कन्नड आणि शाळेत मराठी अशी आमच्यातल्या निम्म्या जणींची कसरत चालायची. दहावीच्या निरोप समारंभाचा फोटो काढून बघा. त्यात आम्ही एका बाकावर मावण्याइतक्याच आहोत. मुलींची फी तेव्हा माफ होती, म्हणजे सगळं पैशावर अडलं असंही नाही. कोणाचं लग्न ठरलं, कोणाला धाकट्या भावंडांसाठी घरी ठेवलं, कोणाला तुरीच्या राशीला हात हवे होते म्हणून बसवलं. माझ्या शेजारी बसणारी गणितात माझ्या पुढे होती. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली नाही. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. आमच्या बाईंनी दोन दिवस हजेरीत तिचं नाव पुकारलं आणि तिसऱ्या दिवशी थांबल्या. मी तेव्हा काहीच विचारलं नाही. माझ्या वडिलांनी मला पुढे शिकवलं, एवढाच दोघींमधला फरक.

झेवियर्स ही मुलग्यांची शाळा होती हे तिथे उघड लिहिलेलं होतं. आपली शाळा आठवी ते दहावीत हळूहळू मुलग्यांची होत गेली आणि ते कुठे लिहिलं गेलं नाही. आजच्या मेळाव्याची यादी आपण दहावीच्या परीक्षेच्या यादीवरून केली. त्यामुळे मधे शाळा सोडलेल्या मैत्रिणी आपोआप गळल्या. यात समितीचा दोष नाही. मीही ती यादी पाहून 'बरोबर आहे' असा निरोप पाठवला होता. चूक लक्षात आली ती हा लेख लिहिताना.

शाळेच्या ऑफिसात जनरल रजिस्टर असतं. त्यात 'शाळा सोडल्याचे कारण' असा रकाना असतो. बहुतेक ठिकाणी 'पालकांचा अर्ज' एवढंच लिहिलेलं सापडेल, पण नावं तरी सापडतील. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली तर आपल्या बॅचची पानं उतरवून घ्यायला मी दिवाळीत चार दिवस येते. त्यातल्या बऱ्याच जणी अक्कलकोट, आळंद, गाणगापूर, कलबुर्गी इथेच नांदतायत. कोणाच्या भावाचा, कोणाच्या मामाचा नंबर तुमच्याकडे असेल. सरांनी आणि बाईंनी आठवतील तितकी नावं सांगावीत.

पुढच्या मेळाव्याचं निमंत्रण आठवीच्या हजेरीवरून काढू या.