बोरिवलीचं नॅशनल पार्क एका दिवसात: आधी कान्हेरी गाठा, मग बाग

शाळांना सुट्ट्या लागल्या की शहापूर-मुरबाडकडच्या बऱ्याच घरांत एक दिवसाची मुंबई ठरते. त्यात बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपल्या बोलण्यातलं नॅशनल पार्क, हमखास असतं. पण बरीच मंडळी बारा वाजता गेटवर पोहोचतात, तळ्यात होडी फिरवतात, झाडाखाली डबा खातात आणि परत फिरतात. पोरं खूश होतात, पण एवढ्या लांब जाऊन खरी बघायची जागा राहून जाते. म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट, सोमवारी पार्क बंद असतं. कान्हेरी लेणीही बंद. रविवारी उघडं असतं, पण गर्दी फार आणि रेल्वेचा मेगाब्लॉक असेल तर जाण्यायेण्याचे हाल. शनिवार किंवा मधला वार बरा.

जायचं कसं

आपल्या बाजूने दोन सोपे रस्ते आहेत. कसारा किंवा आसनगाव लोकलने घाटकोपरला उतरायचं. मुरबाडवाल्यांनी एसटीने कल्याणला येऊन तिथून जलद लोकल धरायची. घाटकोपर स्टेशनला लागूनच मेट्रो आहे. त्या मेट्रोने ‘वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे’ या स्टेशनला उतरायचं, पुलावरून चालत गुंदवली स्टेशनात जायचं आणि दहिसरकडची मेट्रो पकडायची. या मार्गावर ‘राष्ट्रीय उद्यान’ नावाचंच स्टेशन आहे. गेट तिथून चालत जाण्याइतकं जवळ. ही मेट्रो 2023 च्या जानेवारीत पूर्ण चालू झाली, त्यामुळे आधी जाऊन आलेल्यांना हा रस्ता माहीत नसेल.

दुसरा रस्ता स्वस्त. दादरला उतरून पश्चिम रेल्वेची बोरिवली लोकल धरायची, बोरिवलीला पूर्वेला बाहेर पडायचं. पुढे पंधरा-वीस मिनिटं चालत किंवा रिक्षाने. लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर दादरचे जिने टाळा, घाटकोपरच बरं. ठाण्याहून घोडबंदर रोडने बसही आहे, पण त्या रस्त्यावर कोंडी झाली की तासाचे दोन तास होतात.

आसनगावहून पहाटेची गाडी पकडली तर नऊच्या आत गेटवर पोहोचता येतं. तिकिटाचे दर बदलत असतात, ते गेटवरच्या फलकावर बघा. लेणीचं तिकीट वेगळं, ते वर काढायचं. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेणीचं तिकीट लागत नाही. मोबाईलवर पैसे देता येत असले तरी थोडी रोकड खिशात असू द्या.

कान्हेरीला आधी का

गेटपासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत. बसची सोय आहे, भाड्याने सायकलीही मिळतात. चढ आहे, त्यामुळे सायकल तरण्या पोरांनीच घ्यावी. सकाळी ऊन चढायच्या आत वर गेलं तर फिरणं जमतं. दुपारी तो काळा कातळ असा तापतो की पाय टेकवत नाही.

एकाच डोंगरात शंभरावर लेणी. काम इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालं आणि पुढे हजारेक वर्षं इथे बौद्ध भिक्खूंची वस्ती होती. तीन नंबरच्या लेण्यात मोठा चैत्य आहे, त्याच्या पडवीत दोन बाजूंना सुमारे 7 मीटर उंच बुद्धमूर्ती. 41 नंबरमध्ये अकरा तोंडांचा अवलोकितेश्वर आहे. वेळ असेल तर 90 नंबरही बघा. तिथे पारशी लोकांनी 1009 साली येऊन पहलवी लिपीत आपली नावं कोरलेली आहेत.

पण आपल्या शेतकरी माणसाने तिथे खरं बघायचं ते पाणी. जवळपास प्रत्येक विहाराच्या अंगणात, एका कडेला, कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटलंय. वर डोंगराच्या माथ्यावर जा आणि पायाखाली बघा. कातळात बारीक चर खोदलेत. पावसाचं पाणी त्या चरांतून वाहत खालच्या टाक्यांत उतरतं. इथला पाऊस आपल्यासारखाच, चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर आणि मग आठ महिने कोरडे. त्या पावसावर एवढ्या माणसांनी डोंगरावर शेकडो वर्षं काढली. आपल्या तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिल-मे महिन्यात आपल्याच पाड्यांवर टँकर येतो. त्या टाक्यांपाशी पोरांना दहा मिनिटं उभं करा. नळाचं पाणी कुठून येतं हे शहरातल्या पोराला सांगावं लागतं, आपल्या पोरांना कळेल.

ही टाकी लोकांनी दान दिलेली आहेत. कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांची नावं लेखांत सापडतात. शेतं दान दिल्याचेही लेख आहेत, म्हणजे त्या शेताच्या उत्पन्नातून भिक्खूंचा खर्च चालायचा. एक शेत ‘मंगलठाण’ गावचं. तेच आजचं मागाठाणे, तुम्ही ज्या मेट्रोने आलात तिच्यावर त्या नावाचं स्टेशन आहे. आता तिथे शेत कुठलं, नुसते टॉवर.

बिबट्या, माकडं आणि सफारी

पार्क सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे. एका बाजूला बोरिवली-गोरेगाव, दुसऱ्या बाजूला मुलुंड आणि ठाण्याचं येऊर. आत बिबटे आहेत, मोकळे. दिवसा गर्दीच्या रस्त्यावर धोका नसतो, पण लहान मुलाला एकटं झाडीत पाठवू नका आणि अंधार पडायच्या आत बाहेर या. 2004 च्या सुमारास इथे हल्ले खूप वाढले होते. बाहेरून पकडलेले बिबटे जंगलात आणून सोडणं हे त्यामागचं एक कारण असल्याचं अभ्यासक सांगतात. गावात पिंजरा लावून बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडा, अशी मागणी आपल्याकडेही होते, म्हणून हे ध्यानात ठेवा. पार्कात वारली पाडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत आणि ते वाघोबाला पूजतात. त्या घरांत विचारल्याशिवाय शिरून फोटो काढू नका.

सफारीतले वाघ-सिंह मात्र कुंपणातले, बंद गाडीतून दाखवतात. तिकीट वेगळं आणि रांग मोठी, त्यामुळे लेणी झाल्यावर वेळ उरला तरच. वनराणी ही छोटी गाडी चालू आहे का ते गेटवरच विचारा. माकडं हातातली पिशवी ओढतात. भाकरी-चटणी पाठीवरच्या बॅगेत ठेवा आणि खायला बसलात तर एक जण राखणीला उभा. पाणी घरून स्टीलच्या बाटलीत न्या.

लेणी पाचच्या सुमारास बंद होतात. खाली येणारी शेवटची बस किती वाजता, हे वर चढतानाच विचारून ठेवा. ती चुकली तर सात किलोमीटर चालणं, तेही दिवेलागणीला. शिवाय संध्याकाळी घाटकोपरला कसारा जलदमध्ये पोरं घेऊन चढणं फार अवघड आहे. तीनच्या सुमारास गेटबाहेर पडलात तर बसायला जागा मिळायची आशा.